हौसेला मोल नाही, जीएसटी आहे

'हौसेला मोल नाही' ही म्हण ज्याने काढली, त्याने आयुष्यात एकदाही कोटेशन मागवलं नसणार. मी मागवलं आहे. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा हौस तीच होती, मोल मात्र दर वेळी वाढत गेलं.

हौस होती बोटीची. आता बीड जिल्ह्यात राहून बोटीची हौस करणं म्हणजे वाळवंटात छत्रीचं दुकान काढण्यासारखं आहे, हे मला कळतं. बीड म्हटलं की लोकांना ऊसतोडीच्या टोळ्या आठवतात, टँकर आठवतात, चारा छावण्या आठवतात. माझा मेहुणा पुण्याला असतो. त्याला फोनवर सांगितलं, "बोट घेतोय." तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "भावजी, चाकं किती आहेत तिला?"

पण म्हणून आमच्याकडे पाणी नाहीच असं नव्हे. उत्तरेच्या हद्दीवरून गोदावरी जाते. माजलगावला सिंदफणेवर 1987 साली पुरं झालेलं धरण आहे आणि पैठणच्या नाथसागरातून उजव्या कालव्याने त्यात पाणी येतं. भरलेलं असलं की पलीकडचा काठ दिसत नाही. असलं की. नसलं की काय होतं तेही सांगायला हवं. लातूर शहर ज्या मांजरा धरणाचं पाणी पितं, ते धरण आमच्या केज तालुक्यात आहे, आणि 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं. तेव्हा आमच्याकडे बोट घेणाऱ्याने चाकांची चौकशी करावी हे अगदीच गैर नाही.

या खुळाचं मूळ मोबाइलमध्ये आहे. रात्री जेवण झालं की मी अमेरिकेतल्या बास नावाच्या माशाच्या शिकारीची चित्रं बघत पडतो. बास म्हणजे आपल्या मरळीसारखाच हल्लेखोर गडी, दबा धरून बसतो आणि आमिषावर झडप घालतो. तर या एका माशासाठी तिकडे वेगळी बोट असते. 1967 साली रे स्कॉट नावाच्या गृहस्थाने आर्कान्सातल्या एका धरणावर बास धरण्याची मोठी स्पर्धा भरवली, आणि 1968 साली त्याच राज्यातल्या फ्लिपिन नावाच्या लहानशा गावात फॉरेस्ट वुड या माणसाने या कामाच्या बोटी बांधायचा कारखाना काढला. वुड हा मुळात लोकांना नदीवर मासेमारीला घेऊन जाणारा वाटाड्या. आज त्या जातीची चांगली बोट एक लाख डॉलरच्या वर जाते. म्हणजे ऐंशी लाखांच्या पुढे. मागे 250 अश्वशक्तीचं इंजिन. आमच्या तालुक्यात 50 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर असला तर त्या घराला मुलगी द्यायला लोक तयार होतात! तिकडचे लोकही भाव ऐकून कपाळाला हात लावतात म्हणे, पण दुसऱ्या हाताने पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षांच्या कर्जाच्या कागदावर सही करतात.

आणि एवढं करून मासा धरला की काय करतात? परत पाण्यात सोडतात. रे स्कॉटनेच 1972 साली स्पर्धांत हा पायंडा पाडला. त्याच 1972 साली आमच्याकडे दुष्काळ होता. आमचे वडील खडी फोडायच्या कामावर होते आणि सुकडी खात होते. एकाच वर्षी पृथ्वीच्या एका बाजूला हातात आलेला मासा सोडून द्यायची पद्धत पडली आणि दुसऱ्या बाजूला हातात आलेलं काहीच सोडायचं नाही हे आमच्या घराण्याला कळलं. ही चित्रं बघताना मला हे दरवेळी आठवतं. तरी मी बघतोच.

हिला हे आवडत नाही. "मासा खायचा नाही, विकायचा नाही, मग धरायचा कशाला?" हा तिचा प्रश्न. तत्त्वज्ञानाचं कुठलंही पुस्तक याहून खोल जात असेल असं वाटत नाही. मी उत्तर दिलं नाही, चार्जर शोधत राहिलो.

तर आम्ही चौघं. मी, आमच्या शाखेचे कॅशियर, एक गुरुजी आणि एक मेडिकल दुकानवाले. दर रविवारी धरणाच्या काठावर गळ टाकून बसायचो. काठावरून मोठा मासा लागत नाही, तो आत असतो, असं मेडिकलवाल्यांचं मत पडलं. (आजवर त्यांनी कुठल्याही दुखण्याला साधी गोळी सुचवलेली नाही.) वर्गणीतून बोट घ्यायची ठरली. फायबरची, वल्ह्याची, चौघांपुरती. पहिलं कोटेशन 82 हजारांचं आलं. आम्ही विचार करायला दोन महिने घेतले, तोवर 91 झाले. "रेझिन वाढलं, साहेब," दुकानदार म्हणाला. रेझिन निघतं खनिज तेलातून, म्हणजे आखातात कुणी कुणाला डोळे वटारले की माजलगावच्या बोटीला घाम फुटणार. आम्ही आणखी विचार केला. लाख झाले. मग मात्र विचार करणं परवडेना आणि 2024च्या ऑक्टोबरात, धरण भरलेलं बघून, आम्ही पैसे काढले.

आता खरी गोष्ट इथे सुरू होते. बिल करताना दुकानदाराने पेन थांबवलं. "साहेब, काय लिहू? मासेमारी का करमणूक?"

"फरक काय?"

"मासेमारीला 5 टक्के. करमणुकीला 28."

सरकारी दरपत्रकात दोन क्रमांक शेजारीशेजारी आहेत. 8902 म्हणजे मासेमारीची नौका. 8903 म्हणजे हौसेची आणि खेळाची. हजारो वर्षं ऋषिमुनी गरज कुठे संपते आणि वासना कुठे सुरू होते यावर झाडाखाली बसून राहिले. सरकारने तो प्रश्न एका आकड्याच्या फरकाने सोडवून टाकलेला आहे. 2025च्या 22 सप्टेंबरपासून तर 28चे 40 झाले. पोटावर 5, हौसेवर 40.

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. गुरुजी हळूच म्हणाले, "पण आपण मासेच धरणार आहोत ना?" त्यात खोटं काहीच नव्हतं. धर्मराज अश्वत्थाम्याबद्दल बोलला त्यातही शब्दाशब्दाने पाहिलं तर खोटं काही नव्हतं. तरी त्याचा रथ चार बोटं खाली आला. बिलावर 'मासेमारी' पडलं. लाखावर 5 हजार कर, 7 हजार वाहतूक, एकूण 1 लाख 12 हजार, माणशी 28 हजार. वाचले निदान 23 हजार. पहिल्या रविवारी चौघं बसलो तेव्हा बोट चार बोटं खाली गेली, पण ते मेडिकलवाल्यांच्या वजनाने असावं.

बोट विकत घेणं सोपं असतं. बाळगणं ही वेगळी गोष्ट आहे. मी बी.कॉम. आहे, त्यामुळे मला सुखसुद्धा नावे-जमा केल्याशिवाय कळत नाही. वर्षअखेर हिशेब मांडला. राखण महिना 500 प्रमाणे 6 हजार. रंग आणि ठिगळं 4 हजार. गुंतवलेल्या रकमेवर बुडालेलं व्याज 7 टक्क्यांनी 7,840. घसारा 10 टक्के, 11,200. एकूण 29,040 रुपये. वर्षात मिळालेले मासे अकरा. म्हणजे माशाला 2,640 रुपये पडले. त्यातला एक चपलेएवढा होता, तीही लहान मुलाच्या.

शिवाय माशाचे पैसे वेगळे. तेही मला उशिरा कळलं. राखणीला जे मामा होते, ते भोई समाजाचे, तिथल्या मच्छीमार सोसायटीचे जुने सभासद. आमचा पहिला रोहू बघून ते म्हणाले, "वजन करून घ्या, साहेब."

"कामून?"

"सोसायटीचा हाय न्हवं. ठेका आमचा, बोटुकली आमी सोडलेली."

बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिलं. ती सोसायटी विकत आणते, पाण्यात सोडते आणि मोठी व्हायची वाट बघते. म्हणजे ती त्यांची मुदत ठेव. आणि मी, बँकेत इतकी वर्षं सह्या पडताळणारा माणूस, रविवारी येऊन दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढत होतो. तेही मुदतीआधी. त्या दिवसापासून मासा धरला की बाजारभावाने सोसायटीला पैसे द्यायचे ठरलं. हिला हे सांगितलं नाही.

मामांचं स्वतःचं वाहन म्हणजे थर्माकोलचा तराफा. आमच्याकडे त्याला चप्पू म्हणतात. थर्माकोलचे तुकडे एकावर एक रचायचे, वरून प्लास्टिकच्या गोण्या शिवायच्या, मांडी घालायची आणि जाळं घेऊन पहाटे निघायचं. चप्पू म्हणजे फक्त कष्टाची गोष्ट आहे असंही नाही. 2023 साली शेजारच्या संभाजीनगर जिल्ह्यात भिवधानोऱ्याची पोरं जायकवाडीच्या फुगवट्यातून असल्याच थर्माकोलवर बसून शाळेला जात होती. उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली तेव्हा सगळ्यांना कळलं. त्या पोरांचं थर्माकोल कुठल्या क्रमांकात बसतं, 8902 की 8903, हे मी पुष्कळ शोधलं. दरपत्रकात त्याला जागा नाही.

2025च्या उन्हाळ्यात मामा आमच्या शाखेत आले. (शाखेचं नाव लिहीत नाही, मला अजून पेन्शन घ्यायची आहे.) धुतलेला सदरा, हातात कोटेशन. फायबरची बोट घ्यायची म्हणाले. 2020 साली आलेल्या मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान ठेवलेलं आहे, हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं, "बोट कशाला हवी?" हा नेहमीचा प्रश्न. फॉर्मवर रकानाच असतो, 'कर्जाचे कारण'.

मामा म्हणाले, "गुडघे गेले चप्पूवर बसून. आन् एकदा म्हातारीला धरनाच्या मधी न्यायचं हाय."

"फिरायला?"

"न्हाई. तिचं माहेर हाय तिथं. खाली."

धरणात गावं गेली होती, त्यातलं एक तिचं. 2016च्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं तेव्हा ती चालत गेली होती. पायाचे दगड, विहिरीची कड, पाराची चौकट सापडली होती. तेव्हापासून तिचं एकच. आमचं धरण आटलं की आम्ही तोंडं पाडून बसतो आणि हिचं माहेर वर येतं. भरलं की आम्ही पेढे वाटतो आणि हिचं माहेर बुडतं. आटण्याची वाट बघणं बरं नव्हे, असं ती स्वतःच म्हणायची. मग भरल्या पाण्यावरून जायचं, तर चप्पूवर दोघं बसत नाहीत.

साहेब चांगले होते. खालच्या आवाजात म्हणाले, "मामा, हे असं सांगायचं नाही. व्यवसाय म्हणायचं."

"व्यवसाय तर हायेच. पर इचारलं म्हनून समदं सांगितलं."

फॉर्म भरायला माझ्याकडे आला. मी रकान्यात लिहिलं, 'मासेमारी'. लिहिताना ध्यानात आलं, की हा शब्द याच हातानं दुसऱ्यांदा खपवला जातोय. आमची सबंध हौस असताना आम्ही तिला पोट म्हटलं होतं आणि 23 हजार वाचवले होते. या माणसाचं सबंध पोट असताना त्याने त्यातली चिमूटभर हौस आपणहून सांगितली, तर ती आम्ही खोडायला लावली. आणि ती हौस तरी होती का? बायकोला माहेरी नेणं हे कुठल्या क्रमांकात बसतं? मी घरी हा प्रश्न काढला. ही म्हणाली, "तुम्ही मला माहेरी नेता तेव्हा चाळीस टक्क्यांत धरता." म्हणजे प्रश्न सोडून भलतंच सुरू झालं.

फाइल चालत राहिली. कोटेशनला मुदत 30 दिवसांची असते, फाइलला मुदत नसते. दोनदा नवीन कोटेशन लागलं आणि दोन्ही वेळा आकडा वर. अनुदान टक्क्यात मिळतं, पण उरलेल्या वाट्यातही वाढ टक्क्यानेच होते, आणि ती मामांच्या खिशातून व्हायची होती.

मला सुचायला फार उशीर झाला, हे कबूल करतो. बोट आमच्याकडे होतीच की. सहा दिवस नुसती बांधलेली. एका रविवारी मी मामांना म्हणालो, "आमची न्या की. आजच न्या त्यांना."

मामा हसले. "लई उपकार. पर माहेराला उसन्या गाडीत जात्यात का, साहेब?"

मी घसारा काढला होता, व्याज काढलं होतं, राखण धरली होती. 'आपली असणं' या नावाचं खातं माझ्या हिशेबात नव्हतं. वर्षभर मामांनी त्या बोटीची रात्रंदिवस राखण केली, आणि एकदाही तिच्यात बसून काठाकाठाने सुद्धा गेले नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. रामाला नदीपार नेताना केवटाला भीती होती, की पायाच्या धुळीने शिळेची अहल्या झाली तशी नावेची बाई झाली तर? घरात खाणारं तोंड वाढणार आणि कमवणारी नाव जाणार. मला लहानपणी हा विनोद वाटायचा. आता वाटतं, बोट बाळगण्याचा खर्च आधी मोजणारा तो पहिलाच शहाणा माणूस.

बोट मामांना विकायचा ठराव मी मांडला. किंमतीवर दोन रविवार गेले. मेडिकलवाले म्हणाले, आज नवी घ्यायला जा, खरं बिल कराल तर 40 टक्क्याने 1 लाख 40 हजारच्या वर पडेल, तेव्हा आपली 1 लाख 20ला स्वस्त. जुनी वस्तू वापरून महाग व्हावी, हे मी वाणिज्य शाखेत शिकलो नव्हतो, पण घरं आणि सोनं याबाबत पाहिलेलं आहे. गुरुजी म्हणाले, फुकट द्या. फुकट मामांनी घेतली नसती. मी पुस्तकी किंमत काढली. 1 लाख 12 हजारांतून घसारा 11,200 वजा, 1 लाख 800. कॅशियर, जे वर्षभर एक शब्द बोलले नव्हते, म्हणाले, "त्यातून ते 23 हजार वजा करा."

"ते सरकारचे होते."

"सरकारला कुठून देणार? मामांना द्या. सरकारचे पैसे बोटीसाठी मच्छीमाराला मिळाले म्हणजे झालं अनुदान."

असं अनुदान एवढ्या लवकर मिळालेलं मी नोकरीत पाहिलेलं नाही. 77,800 झाले. मामांना सांगितलं. ते बोटावर काहीतरी मोजत बसले आणि म्हणाले, "80 करा. सुट्टं कुठं ध्यानात ठिवायचं?" वीस हजार लगेच आणि महिन्याला पाच. उधारीवर व्याजाचा विषय मेडिकलवाल्यांनी काढला, पण माझ्याकडे बघून, आणि मी पाण्याकडे बघत होतो.

माणशी आठ हजारांना खड्डा पडला. पण एक गोष्ट झाली. बिलावर 'मासेमारी' होतं आणि बोट आता मासेमारीची होती. गुरुजी खूश. "म्हणजे आपण खोटं बोललोच नाही, फक्त लवकर बोललो." मला हे अजून पटलेलं नाही. धनादेश वटायच्या आधी रक्कम काढली आणि नंतर तो वटला, तर माणूस प्रामाणिक ठरतो की नशीबवान? हिशेब जुळतो, तपासनीस पुढच्या पानावर जातो. पण ते दुकानदाराचं थांबलेलं पेन माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हा मामांची बोट कुणाच्या स्वप्नातही नव्हती. होती फक्त आमची इच्छा, आणि ती तेवीस टक्के स्वस्त हवी होती.

डिसेंबरात मामांनी नवीन दोर आणला, बोटीला हळदकुंकू लावलं आणि नाळेला झेंडूची माळ बांधली. 8902 मधल्या नौकेला माळ बांधावी का, यावर दरपत्रकात काही नाही. मामी नवं लुगडं नेसून आल्या. हातात ओटीचं सामान, खण आणि नारळ. मधल्या फळीवर बसल्या, दोन्ही हातांनी कडा धरून. आम्ही चौघं काठावर. सकाळची वेळ, धरण काठोकाठ भरलेलं. बोट लहान लहान होत गेली आणि एका जागी थांबली. मामांना ती जागा कशी सापडली कोण जाणे. पुष्कळ वेळ ती तिथेच होती. नारळ टाकलेला इतक्या लांबून दिसायचं कारण नाही, पण कॅशियर म्हणाले, टाकला.

परत आल्या तेव्हा मामी काही बोलल्या नाहीत. मेडिकलवाल्यांनी विचारलं, "झालं का दर्शन?" तेव्हा म्हणाल्या, "पानी लई हाय वर." आणि घरी गेल्या.

पुढच्या रविवारी आम्ही गळ घेऊन गेलो. मामांनी बोट काढली. माणशी शंभर रुपये, आधी. केवटाने उतराई घेतली नव्हती याची मी आठवण करून दिली. मामा म्हणाले, केवटाला पाच हजारांचा हप्ता नव्हता. चौघांचे 400 दिले. दुपारपर्यंत दोन मासे लागले. मी मनात हिशेब केला, माशाला 200 रुपये. वर्षातला सगळ्यात स्वस्त रविवार!

तेवढ्यात मामांनी दुसरा मासा हातात घेऊन उलटापालटा केला आणि परत पाण्यात सोडला.

"अहो!"

"बारका हाय, साहेब. मुदत व्हायचीय त्याची."

म्हणजे माशाला 400. शिवाय त्याच्या वजनाचे सोसायटीला वेगळे.